वाचकांचे प्रश्न : रक्तातल्या प्रोटीनला दिवा कसा लावतात?

गेल्या अंकात या पानावर रक्ताचे रिपोर्ट कसे वाचायचे ते लिहिलं होतं, त्याच्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले. बरेचसे फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होते, रक्ताचा थेंब टाकून तपासायची ती चमकणारी पट्टी, तिची चमक मोजणारं ते डब्याएवढं मशीन, आणि हे क्वांटम डॉट म्हणजे नेमकं काय. म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवलेत, ज्यांचे राहिले त्यांनी रागवू नका, पुढच्या अंकात घेते.

ताई, मी लातूरला बारावी सायन्सला आहे, गाव निलंगा तालुक्यात. क्लासमध्ये सर म्हणाले 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल क्वांटम डॉटला मिळालं आणि आता ते रक्त तपासायला पण वापरतात. पण पदार्थ एकच, कण लहान केला की निळा दिसतो आणि मोठा केला की लाल, हे काही डोक्यात शिरत नाही. रंग तर पदार्थाचा असतो ना? आणि याचा रक्ताशी काय संबंध?

बाळ, तुझी शंका अगदी बरोबर आहे. आपण लहानपणापासून हेच शिकतो की हळद पिवळी, कुंकू लाल, चिमूटभर घ्या नाहीतर पोतंभर, रंग तोच. आणि ते खरंच आहे, फक्त एका मर्यादेपर्यंत. पदार्थाचा कण काही नॅनोमीटरवर आला की हिशोब बदलतो. नॅनोमीटर म्हणजे किती, तर आपल्या डोक्याचा एक केस साधारण 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो आणि हे डॉट असतात 2 ते 10 नॅनोमीटरचे, म्हणजे एका कणात काहीशे ते काही हजार अणू, बस.

तुझ्या गावात भजनाला एकतारी असेलच. तार तीच, लाकूड तेच, पण बोट दाबून तार आखूड केली की सूर चढतो, मोकळी सोडली की उतरतो. सेमीकंडक्टरच्या, म्हणजे सिलिकॉनसारख्या अर्धवट वीज वाहणाऱ्या पदार्थाच्या, कणातल्या इलेक्ट्रॉनचं तसंच काहीसं होतं असं समज. मोठ्या तुकड्यात त्याला पसरायला ऐसपैस जागा असते. कण एकदम बारीक केला की तो कोंडला जातो आणि मग त्याला खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायला जास्त एनर्जी लागते, आणि परत खाली येताना तो तेवढीच जास्त एनर्जी प्रकाश म्हणून सोडतो. जास्त एनर्जीचा प्रकाश निळा, कमी एनर्जीचा लाल. म्हणून कॅडमियम सेलेनाइड नावाचा एकच पदार्थ घेतला तर साधारण 2 नॅनोमीटरचा कण निळसर चमकतो, 3 च्या आसपासचा हिरवा आणि 5-6 चा लाल. दोन पायऱ्यांमधल्या या अंतराला बॅंड गॅप म्हणतात, त्याच्याबद्दल तुमच्या फिजिक्सच्या पुस्तकात आहेच, फक्त तिथं तो पदार्थाप्रमाणे ठरलेला असतो असं शिकवतात, इथं तो आकारानं बदलता येतो, एवढाच फरक आणि तोच सगळा खेळ.

हे पहिल्यांदा दिसलं ते रंगीत काचेत. रशियातले अलेक्सी एकिमोव्ह यांनी 1981 च्या सुमाराला काचेत कॉपर क्लोराइडचे बारीक स्फटिक वाढवून दाखवलं की आकार बदलला की रंग सरकतो. 1983 साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये लुई ब्रुस यांना हेच द्रवात तरंगणाऱ्या कणांमध्ये सापडलं. पण सगळे कण एकाच मापाचे काही येत नव्हते आणि माप सारखं नसलं की रंग गढूळ येतो. ते जमवलं 1993 मध्ये मौंगी बावेंडी यांनी. त्यांची युक्ती मला फार आवडते. तुझ्या आईला किंवा आजीला बुंदी पाडताना बघितलंस ना, तेल कडकडीत तापलेलं, झाऱ्यावरून पीठ एकदम सोडायचं, सगळे दाणे एकाच वेळी तेलात पडतात म्हणून सारखे फुगतात, थांबून थांबून सोडलं की काही करपतात काही कच्चे राहतात. बावेंडींनी 300 अंशांच्या आसपास तापवलेल्या द्रवात रसायन पिचकारीनं एकदम सोडलं, सगळे कण एकाच क्षणी जन्मले, आणि मग ते वाढताना हवं ते माप आलं की थांबवायचं. या तिघांना मिळून 2023 चं नोबेल. आणि हे बावेंडी हार्वर्डला कॉलेजात केमिस्ट्रीच्या पहिल्याच परीक्षेत 100 पैकी 20 मार्क घेऊन वर्गात शेवटचे आले होते, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. लातूरला राहून टेस्ट सिरीजचे मार्क बघून रात्र रात्र झोप न येणाऱ्या पोरांसाठी मी हे मुद्दाम लिहितेय. तुला पण झोप येत नसेल तर घरी फोन कर, लपवून ठेवू नको.

आता रक्ताशी संबंध. 1998 साली अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी सायन्स या नियतकालिकाच्या एकाच अंकात दाखवलं की हे डॉट पाण्यात राहतील असं त्यांच्यावर आवरण चढवून त्यांना जैविक रेणू जोडता येतात. तिथून वाट मोकळी झाली. कॅडमियम सेलेनाइडचा गाभा, त्याच्यावर झिंक सल्फाइडचं कवच म्हणजे चमक वाढते आणि टिकते, त्याच्यावर पाण्याशी जमेल असा पॉलिमरचा थर, आणि सगळ्यात बाहेर चिकटवलेला अँटीबॉडी, म्हणजे आपलं शरीर जंतूंना ओळखून धरायला बनवतं त्या जातीचं प्रोटीन. या अँटीबॉडीनं ठरावीक एकच प्रोटीन ओळखायचं असतं, दुसरं समोरून गेलं तरी तो सहसा हात लावत नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच पक्की लक्षात ठेव कारण खालच्या सगळ्या उत्तरात ती येणार आहे. डॉटला आजार कळत नाही. ओळखतो तो अँटीबॉडी, डॉट फक्त त्याच्या हातातला दिवा आहे. ज्याला शोधायचं त्याला सोडून दुसऱ्याच कुणाचा हात धरला तर दिवा कितीही लख्ख असला तरी माणूस चुकीचाच दिसणार.

ताई नमस्कार. मी माजलगावचा. आमच्या बापूला पहाटं चारला छातीत दुखाय लागलं, घामानं बनियन सगळं भिजलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, पाचच्या आत रक्त घेतलं, पट्टीवर टाकून बारक्या मशीनमधी घातलं आन म्हनले निगेटिव हाय, ॲसिडिटी असंल. घरी आणलं. दहाला परत लै दुखलं म्हणून बीडला नेलं, तिथं तीच तपासणी पॉझिटिव आली, ॲटॅकच होता. आता बापू बरा हाय, पायी फिरतो. पण पहिलं मशीन खोटं होतं का? आन ती पट्टी क्वांटम डॉटची असती का?

दादा, बापू पायी फिरतायत हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देते कारण हे तुमच्या एकट्याचं नाही, अशी तीन पत्रं आलीत.

मशीन खोटं असेलच असं नाही. बघा, हार्ट ॲटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक भाग रक्त न मिळाल्यानं मरायला लागतो, आणि त्या पेशी फुटल्या की आतलं ट्रोपोनिन नावाचं प्रोटीन हळूहळू रक्तात झिरपतं. दुखणं सुरू झालं त्या मिनिटाला ते रक्तात नसतं. साध्या तपासणीत पकडता येईल एवढं साचायला साधारण तीन ते सहा तास जातात. तुम्ही रक्त दिलं ते दुखायला लागल्यापासून तासाभरात. म्हणजे पट्टीनं कदाचित खरंच सांगितलं की आत्ता या थेंबात ट्रोपोनिन सापडत नाही. त्याच्यावरून ‘ॲटॅक नाही’ असं म्हणून घरी पाठवणं ही चूक, आणि ती चूक पट्टीची नाही. अशा वेळी ईसीजी लगेच काढायचा असतो आणि ट्रोपोनिन काही तासांनी परत बघायचं असतं, पहिलं निगेटिव असलं तरी. आकडा चढतोय का, हे एका थेंबातून कळतच नाही, त्याला दोन थेंब लागतात.

किती थोडं प्रोटीन शोधायचं असतं ते सांगते म्हणजे तुम्हाला या लोकांची धडपड कळेल. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती आठवतंय ना, ती जलदूत, नंतर नंतर 50 वाघिणी लावून एका खेपेला 25 लाख लिटर पाणी यायचं. त्या आख्ख्या गाडीभर पाण्यात अर्धा चमचा, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ टाकलं आणि ढवळलं तर जे प्रमाण होतं ते म्हणजे एका मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम. रिपोर्टवर ‘एनजी पर एमएल’ लिहिलेलं असतं ते हेच. आणि आत्ताच्या हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन-टी तपासणीत धोक्याची रेघ आहे लिटरमागे 14 नॅनोग्रॅम, म्हणजे त्या 50 वाघिणींच्या गाडीत जेमतेम 35 मिलिग्रॅम, चिमूटभराहूनही कितीतरी कमी मिठाचे कण. ते शोधायचे, आणि ते सुद्धा शेकडो दुसऱ्या प्रोटीनच्या गर्दीतून.

मग हे शोधतात कसं. पट्टीवर एक रेघ असते जी तुम्हाला कोरडी असताना दिसत नाही, तिथं एक अँटीबॉडी आधीच चिकटवून ठेवलेला असतो. थेंब टाकला की रक्तातला पातळ भाग पट्टीवरून पुढे सरकतो, वाटेत त्याला दिवेवाले अँटीबॉडी भेटतात आणि ट्रोपोनिनला एका बाजूनं धरतात, मग ते जोडपं त्या रेघेपाशी आलं की तिथला दुसरा अँटीबॉडी ट्रोपोनिनला दुसऱ्या बाजूनं पकडतो. मधे प्रोटीन, दोन्हीकडून अँटीबॉडी, म्हणून याला सँडविच म्हणतात. जेवढं ट्रोपोनिन जास्त तेवढे दिवे त्या रेघेवर अडकणार. मशीन फक्त त्या रेघेवर निळा किंवा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश मारतं आणि परत किती चमक आली ते मोजतं.

आता ती चमक क्वांटम डॉटचीच होती का, हे मला इथं बसून सांगता येणार नाही. चमकणाऱ्या पट्ट्यांमध्ये कुणी साधा फ्लुरोसंट, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारा, रंग वापरतं, कुणी युरोपियम नावाच्या धातूचे मणी, कुणी क्वांटम डॉट. किटच्या डब्यात घडी घातलेला बारीक अक्षरातला कागद असतो त्यात लिहिलेलं असतं. पेशंटच्या दृष्टीनं त्यानं फारसं काही बिघडत नाही, पण परत कधी कुणाच्या छातीत दुखलं, घाम आला, हात-जबडा भरून आला, तर पट्टीच्या निगेटिववर घरी येऊ नका. 108 ला फोन करा, ईसीजी काढा म्हणा, आणि थेट विचारा की ट्रोपोनिन परत कधी करायचं. तो प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आणि उलटी बाजू पण सांगते, ट्रोपोनिन वाढलं म्हणजे प्रत्येक वेळी ॲटॅकच असं नाही, किडनी खराब असली, अंगात जंतुसंसर्ग खूप पसरला असला तरी ते वाढतं, म्हणून आकडा आणि ईसीजी आणि माणूस तिन्ही बघून डॉक्टर ठरवतात.

मॅडम, मी नांदेडला डीएमएलटी करून एका लॅबमध्ये लागलोय. आमच्याकडं सोन्याच्या कणांची लाल रेघ येणारी पट्टी पण आहे आणि चमक मोजणारा फ्लुरोसन्स रीडर पण. मग क्वांटम डॉटचा एवढा गाजावाजा कशासाठी? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे टिकतं का?

तुझ्या प्रश्नाला मी थोडा जास्त वेळ देणार, कारण रिपोर्टवर सही कुणाचीही असो, थेंब तुझ्या हातून पडतो.

सोन्याची पट्टी वाईट नाही. प्रेग्नन्सीची पट्टी, मलेरियाची, डेंग्यूच्या एनएस-वन प्रोटीनची, बहुतेक त्याच जातीच्या. डोळ्यानं दिसतं, मशीन लागत नाही, गावात वीज गेली तरी चालतं. अडचण येते ती फिक्या रेघेला. एक जण म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, तिसरा खिडकीपाशी नेऊन तिरकी करून बघतो. आणि किती आहे तो आकडा डोळ्याला सांगता येत नाही. चमकणाऱ्या पट्टीत अंधारात चमक मोजायची असते त्यामुळं थोडं असलं तरी पकडता येतं आणि आकडा मिळतो.

मग साधा फ्लुरोसंट रंग का नको, तर तो प्रकाशात विटतो. लाल ओढणी मे महिन्यात आठवडाभर गच्चीवर वाळत घातली की कशी होते तसं, फक्त इथं सेकंद-मिनिटांत होतं. क्वांटम डॉट त्या मानानं खूप टिकतो. दुसरं, त्याची चमक अगदी ठराविक रंगाच्या पट्ट्यात येते आणि वेगवेगळ्या रंगांचे डॉट एकाच दिव्यानं पेटतात, म्हणून एकाच थेंबात दोन-तीन प्रोटीन बघायचे तर हिरवा एकाचा, नारंगी दुसऱ्याचा, लाल तिसऱ्याचा असं करता येतं. आणि तिसरं, ज्या प्रकाशानं पेटवायचं आणि जो प्रकाश परत येतो त्यांच्या रंगात भरपूर अंतर ठेवता येतं, मग फिल्टर लावून मूळ दिव्याचा उजेड अडवणं सोपं जातं. रक्त स्वतः पण थोडं चमकतं, आणि हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश खाऊन टाकतं. म्हणून लाल किंवा त्याच्याही पलीकडचे डॉट रक्तासाठी जास्त बरे. फुटलेल्या रक्ताचा, लालभडक झालेला सिरम, म्हणजे रक्ताचा वरचा पातळ भाग, आला तर तो नमुना परत मागव, चालवून घेऊ नको, मग डॉट असो की काही असो.

पण हे सगळं सांगून मी परत तिथंच येते, अँटीबॉडी. प्रयोगशाळेत डॉट किती भारी चमकतो याचे फोटो सगळे काढतात, पण त्याच्यावर अँटीबॉडी चिकटवताना तो उलटा बसला, त्याचं तोंड आत गेलं, तर दिवा पेटलेला आणि हात बांधलेले. एका डॉटवर किती अँटीबॉडी बसले, ते सरळ बसले का, प्रत्येक बॅचला तेवढेच बसले का, हे जमवणं मला डॉट बनवण्याइतकंच अवघड काम वाटतं आणि त्याच्याबद्दल कुणी फार बोलत नाही.

आता उन्हाळा. अँटीबॉडी हे स्वतः प्रोटीन आहे, उष्णतेनं ते बिघडतं. बऱ्याच पट्ट्यांवर 2 ते 30 अंश असं लिहिलेलं असतं आणि नांदेडला मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याच्याहून जास्त. कुरियरवाल्यानं डबा दुपारभर गाडीच्या डिकीत ठेवला असेल तर तो तुला दिसणार नाही, कंट्रोल रेघ पण कदाचित येईल. कंट्रोल रेघ फक्त एवढंच सांगते की पाणी पट्टीवरून शेवटपर्यंत वाहिलं आणि दिवेवाले पोचले. पेशंटचा आकडा बरोबर आहे असं ती म्हणत नाही. त्यासाठी माहीत असलेल्या किमतीचा कंट्रोल सॅम्पल लावूनच बघावा लागतो, प्रत्येक नवीन डब्याला, आणि उन्हाळ्यात मधे मधे पण.

एक माझ्या हातून झालेली चूक सांगते. लॅबमधल्या कामाच्या पहिल्या वर्षी, भर मेमध्ये, घाई होती म्हणून फ्रिजमधली पाकिटं काढली आणि तशीच गार फाडली. बाहेरच्या गरम हवेतलं पाणी त्या गार पट्टीवर बसलं, अगदी तांब्याला घाम येतो ना तसं, आणि थेंब एका कडेनं पळाला, रेघ तिरकी. पेशंटला परत बोलवावं लागलं, ती म्हातारी बाई लोह्याहून एसटीनं आली होती. तेव्हापासून पाकीट बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ देते, घाम पुसला गेला की मग फाडते. कंपनीच्या कागदात हे पहिल्या पाच ओळीत लिहिलेलं असतं.

आणि हूक इफेक्ट ध्यानात ठेव. प्रोटीन प्रमाणाबाहेर जास्त असलं तर आकडा उलट कमी येतो. होतं काय, रेघेवरच्या अँटीबॉडीनं एक प्रोटीन धरलं, दिवेवाल्यानं दुसरंच धरलं, दोघांचेही हात भरलेले, मग मधे सामाईक कुणी उरतच नाही आणि दिवा रेघेला न अडकता पुढे वाहून जातो. पेशंट खूप आजारी आणि आकडा गरीब, असं दिसलं की नमुना पातळ करून परत लाव.

जालन्याहून एक गृहिणी लिहितात : कॅडमियम तर विष आहे ना? ते रक्त तपासणीत वापरतात म्हणजे आमच्या अंगात जातं का?

नाही ताई, अंगात काहीच जात नाही. सुई रक्त बाहेर काढते, पुढचं सगळं पट्टीवर किंवा नळीत होतं, तुमच्यापासून लांब.

पण तुमची भीती बिनबुडाची नाही. जपानमध्ये जिन्झू नदीत खाणीतलं कॅडमियम मिसळलं, ते भातात उतरलं आणि लोकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराचं नावच ‘दुखतंय दुखतंय’ अशा अर्थाचं, इताई-इताई, पडलं. एका पट्टीत कॅडमियम अगदी नखावरच्या धुळीपेक्षा कमी असतं, तरी वापरलेल्या पट्ट्या लॅबच्या मागं उकिरड्यावर जाळायच्या नाहीत, त्या बायोमेडिकल कचऱ्यातच गेल्या पाहिजेत. दवाखान्यामागं असा धूर दिसला तर ग्रामपंचायतीत बोला, जरूर बोला. कॅडमियम नको म्हणून इंडियम फॉस्फाइडचे आणि कार्बनचे डॉट पण बनवतात, त्यांच्यावर काम जोरात चालू आहे.

परभणीचे एक प्राध्यापक : माझी मुलगी केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाते. लॅबवाल्यानं विचारलं ‘बायोटिन चालू आहे का’. याचा तपासणीशी काय संबंध?

सर, त्या लॅबवाल्याला माझा नमस्कार सांगा, असं विचारणारे कमी आहेत.

दिव्याला अँटीबॉडी जोडायची एक फार वापरातली पद्धत म्हणजे बायोटिन हे जीवनसत्त्व आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रोटीन ही जोडी. दोघं एकमेकांना इतकं घट्ट धरतात की सुटता सुटत नाहीत. क्वांटम डॉट सुद्धा स्ट्रेप्टाव्हिडिन लावून विकत मिळतात, मग बायोटिन लावलेला कुठलाही अँटीबॉडी त्याला जोडता येतो. आता रक्तातच गोळीतलं बायोटिन खच्चून भरलेलं असेल तर ते जाऊन त्या जागा अडवतं, अँटीबॉडीला जागा मिळत नाही. शरीराला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि केसांच्या गोळ्यांत 5 किंवा 10 मिलिग्रॅम असतं, म्हणजे काहीशे पट. त्यामुळं सँडविच पद्धतीच्या तपासणीत आकडा खोटा कमी येतो, थायरॉइडसाठी बघतात ते टीएसएच कमी दिसतं, ट्रोपोनिन कमी दिसतं, आणि थायरॉइडच्या टी-थ्री टी-फोर सारख्या वेगळ्या पद्धतीच्या तपासणीत खोटा जास्त. मुलीला थायरॉइड नसताना थायरॉइडच्या गोळ्या सुरू होऊ शकतात बघा. अमेरिकेत औषधांवर आणि तपासण्यांवर देखरेख करणाऱ्या एफडीएनं 2017 साली याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात ट्रोपोनिन खोटं कमी आल्यानंतर एक पेशंट दगावल्याचा उल्लेख होता.

सगळ्या तपासण्यांना हे लागू नाही, ज्यात ही जोडी वापरलीय त्यांनाच. म्हणून डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी गोळी बंद करावी, आणि तातडीची वेळ असेल तर थांबायचं नाही, रक्त द्यायचं, फक्त गोळी चालू असल्याचं मोठ्यानं सांगायचं.

सेलूचे एक शेतकरी : कापसाच्या पानाची बीटी पट्टी मी वापरलीय. ती हीच का?

जातकुळी तीच. पानात क्राय-वन-एसी नावाचं, बीटी कापसातलं बोंडअळी मारणारं प्रोटीन आहे का ते ती बघते, आणि तिथं पण ओळखतो तो अँटीबॉडीच. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं अशा पट्ट्या तयार केल्यात. शेतात उन्हात उभं राहून डोळ्यानं हो-नाही बघायला रंगीत रेघ पुरते, चमकणारा दिवा आणि मशीन तिथं नेण्यात अर्थ नाही. एकच करा, एका झाडावरून ठरवू नका, वावराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यातली पानं घ्या.

वसमतजवळच्या जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी : ही चमक सातवीच्या मुलांना दाखवता येईल असं काही आहे का? आमच्याकडं प्रयोगशाळा नाही.

गुरुजी, तुमच्या गावात तर सगळं सामान पडलंय. क्वांटम डॉट नाही मिळणार पण चमक म्हणजे काय आणि दिवा विटतो म्हणजे काय, दोन्ही दाखवता येईल, हळदीनं.

चिमूटभर हळद एका वाटीत घ्या, त्याच्यावर हॅंड सॅनिटायझर, पातळ पाण्यासारखा मिळतो तो, थोडा टाका आणि ढवळा. दुसऱ्या वाटीत तेवढीच हळद साध्या पाण्यात. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मोबाइलच्या दुकानात स्वस्तात मिळतो. खोलीची दारं-खिडक्या लावून घ्या आणि दोन्ही वाट्यांवर टॉर्च मारा. सॅनिटायझरमधली हळद हिरवट पिवळी पेटलेली दिसेल, पाण्यातली जवळजवळ मख्ख. टॉर्च जांभळा, परत येणारा उजेड हिरवट, म्हणजे गेला तो वेगळा आणि आला तो वेगळा, हे मुलांना स्वतःच्या तोंडून म्हणू द्या, तुम्ही आधी सांगू नका. टॉर्च डोळ्यात मारायचा नाही, आणि सॅनिटायझर पेट घेतो म्हणून जवळ काडेपेटी, चूल काही नको, हे मात्र आधीच बजावा.

मग ती चमकणारी वाटी दोन काचेच्या झाकणाच्या बाटल्यांमध्ये वाटून घ्या. एक बाटली अंगणात कडक उन्हात ठेवा, दुसरी कपाटात, कापडात गुंडाळून. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो हे प्रत्येकाच्या घरी माहीत आहे, तेच इथं होणार. शाळा सुटायच्या आधी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवा, परत खिडक्या लावा, टॉर्च मारा. फरक कमी वाटला तर दुसऱ्या दिवशी पण ऊन दाखवा. उन्हातली किती विझली ते मुलांनाच त्यांच्या अक्षरात लिहायला सांगा आणि मला पाठवा, चुका दुरुस्त न करता.